बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड काढायला राख, माती, कोळसा: यातलं खरंच काय चालतं?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. सातवीपर्यंतची शाळा, पट १२०. शाळेच्या आवारात हातपंप आहे, त्याला बारमाही पाणी असतं. पाणी काचेसारखं नितळ, चवीला गोड.

माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी हसताना ओढणी तोंडावर धरते. तिच्या पुढच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा आहेत, खडूवर चहा सांडावा तशा. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांना थोड्याफार अशाच आहेत. गावातली चाळिशीची माणसं खाली बसली की उठताना जमिनीला हात टेकतात. पाण्याचा नमुना तपासून आणला, फ्लोराइड लिटरला ३.८ मिलिग्रॅम आलं. भारतीय मानकात (आयएस १०५००) १ पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या, असं म्हटलंय.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने शाळेला फिल्टर बसवून दिला होता. फोटो काढले, नारळ फोडला. आत पांढरे दाणे होते, ते कधी बदलायचे हे कुणी सांगितलं नाही. गेल्या महिन्यात त्या फिल्टरमधून आलेलं पाणीही तपासलं. ३.७. म्हणजे किती दिवस, किती महिने आम्ही तेच पाणी मुलांना 'शुद्ध' म्हणून पाजत होतो, याचा विचार करून दोन रात्री झोप लागली नाही.

आता नेटवर वाचतोय. भाताच्या तुसाची राख, कडुलिंबाचा पाला, चिंचेच्या बिया, उसाचं चिपाड, मातीचे फिल्टर, सिरॅमिक मेंब्रेन (भाजलेल्या मातीसारख्या पदार्थाचा गाळायचा पडदा)... प्रत्येक ठिकाणी '९० टक्के फ्लोराइड काढलं' असं लिहिलंय. व्हॉट्सॲपवर तर तुळशीची पानं टाका म्हणून सांगतात. इतकं सोपं असेल तर आमच्या मुलांचे दात असे का? यातलं शाळेत करता येण्याजोगं काय आहे, जाणकारांनी कृपया सांगा.

सुगरण

सर, कळकळीने लिहिलंय तुम्ही. मला रसायनशास्त्र कळत नाही, पण आमच्या आजीकडे पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी यायचं, तेव्हा ती निवळीची बी सहाणेवर उगाळून हंड्यात ढवळायची. सकाळपर्यंत गाळ तळाशी. तुरटीपेक्षा पाण्याला चव चांगली राहायची. शेवग्याच्या बियांचंही तसंच म्हणतात. फ्लोराइडला हे चालेल का?

अणुरेणू

सुगरणताई, निवळी आणि शेवगा दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत, पण त्यांचं काम गाळ बसवण्याचं. मातीचे कण पाण्यात तरंगत असतात, बियांमधले घटक त्यांना एकमेकांना चिकटवतात, गोळे जड होऊन खाली बसतात. फ्लोराइड तरंगत नाही, ते विरघळलेलं असतं. चहात साखर विरघळल्यावर ती गाळणीवर राहत नाही, तसंच.

सर, आधी एवढं मनात पक्कं करा, म्हणजे पुढचा निम्मा गोंधळ मिटतो. पाण्यातून काही काढायच्या दोन मुख्य तऱ्हा. एक, गाळणं: भोक लहान, कण मोठा, म्हणून कण अडतो. दुसरी, चिकटवणं: विरघळलेला पदार्थ एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. यालाच अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो ते शोषण, फळ्यावर खडूची भुकटी धरते ते अधिशोषण.

अधिशोषणात जागा मोजक्या असतात. एसटीच्या सीटांसारख्या. सीटा भरल्या की पुढचे प्रवासी तसेच पुढे जातात. तुमच्या फिल्टरचं तेच झालं. दाणे खराब नव्हते, भरलेले होते.

ते पांढरे दाणे बहुधा सक्रिय ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सच्छिद्र ऑक्साइडचे असावेत. मी निवृत्त रसायनतज्ज्ञ आहे, नागपूरला असतो, या दाण्यांसोबत बरीच वर्षं काढली आहेत. आता तुमच्या शाळेचाच हिशोब मांडू. १२० मुलं, पिण्याचं आणि खिचडीचं मिळून माणशी दीड लिटर धरा. १८० लिटर झाले. ३.८ वरून १ वर आणायचं म्हणजे लिटरमागे २.८ मिलिग्रॅम पकडायचं. १८० गुणिले २.८, साधारण ५०० मिलिग्रॅम. दिवसाला अर्धा ग्रॅम! अख्ख्या शाळेच्या पाण्यातलं नको असलेलं फ्लोराइड चिमटीत मावेल एवढंच आहे.

पण ते पकडायला सक्रिय ॲल्युमिना किती लागेल? गावाच्या खऱ्या पाण्यात एक ग्रॅम दाणे १ ते २ मिलिग्रॅम फ्लोराइड धरतात, असं धरून चालावं. म्हणजे रोज पाव ते अर्धा किलो. शाळेचे २२० दिवस धरले तर ५५ ते ११० किलो. नाहीतर मधेमधे दाणे कॉस्टिक सोड्याच्या एक टक्का द्रावणाने धुऊन, मग सौम्य आम्लाने मारून पुन्हा तयार करायचे. ते काम शाळेच्या पडवीत करण्यासारखं नाही. आणि धुतलेल्या पाण्यात सगळं फ्लोराइड एकवटलेलं असतं, ते कुठे ओतणार?

पैनगंगाकाठ

अणुरेणू सर, हा हिशोब मला आजवर कुणीच सांगितला नव्हता. तुमची पोस्ट उतरवून घेऊन सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडली. पण मग ती ९० टक्केवाली संशोधनं खोटी का? चिंचेच्या बिया आमच्याकडे पोत्याने आहेत.

अणुरेणू

खोटी नाहीत. ती कशी केली जातात ते पाहा. ऊर्ध्वपातित पाण्यात फक्त सोडियम फ्लोराइड घालतात, दुसरं काहीही नाही. पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली याचं माप) हवा तसा आम्लाने खाली आणतात. पदार्थ मैद्यासारखा बारीक दळतात. १०० मिलिलिटर पाण्यात ग्रॅमभर घालून तासभर हलवतात. मग ९० टक्के जातंच! लिटरला दहा ग्रॅम झाले ते. म्हणजे तुमच्या १८० लिटरला रोज १ किलो ८०० ग्रॅम पूड, आणि मग ती पूड पाण्यातून गाळायची कशी हा वेगळाच प्रश्न.

खऱ्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, पीएच ८ च्या आसपास असतो. ॲल्युमिनाला ५ ते ६ पीएच मानवतो, तिथे त्याचा पृष्ठभाग धनभारित असतो आणि ऋणभारित फ्लोराइडला ओढून घेतो. पीएच चढला की ओढ कमी होते. त्यात बायकार्बोनेट त्याच सीटांवर रुमाल टाकायला येतं. फ्लोराइड जिथे जास्त असतं तिथलं पाणी बहुतेक वेळा सोडियम-बायकार्बोनेटचं आणि कॅल्शियम कमी असलेलंच असतं, कारण कॅल्शियम असतं तर त्याने फ्लोराइडला खडकातच अडवून ठेवलं असतं. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा गावात तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येऊ शकतो.

पाला, बिया, तुळस यांचा आणखी एक दोष. पाण्यात त्यांचा अर्क उतरतो. दुसऱ्या दिवशी पाण्याला वास, तिसऱ्या दिवशी बुरशी. ज्या संशोधनात 'मिलिग्रॅम दर ग्रॅम' हा आकडा खऱ्या विहिरीच्या पाण्यावर दिलेला नाही, ते वाचून कुणी शाळेत काही बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाटसरू

वाचनखूण साठवली. फार महत्त्वाचा धागा.

चिकणमाती

मी कोलकात्यात सिरॅमिकच्या क्षेत्रात काम करते. मातीच्या फिल्टरबद्दल मी लिहिते, कारण त्यावर माझा फार जीव आहे आणि म्हणूनच तो चुकीच्या कामाला जुंपलेला मला पाहवत नाही.

माठाचा फिल्टर असा होतो. चिकणमाती वाळवून दळायची, चाळायची. त्यात तितकाच बारीक चाळलेला भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा मिसळायचा. पाणी घालून मळायचं, साच्यात दाबून कुंडीसारखा आकार द्यायचा, सावलीत वाळवायचं आणि भट्टीत ८५० ते ९०० अंशांपर्यंत भाजायचं. भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्या एकमेकींना जोडल्या गेल्या की पाण्याला वाट मिळते, जंतू मात्र वाटेत अडकतात. वरून चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं पाणी फिरवतात. १९८१ मध्ये ग्वाटेमालात फर्नांडो माझारिएगोस यांनी हा माठ तयार केला. पुढे रॉन रिव्हेरा यांनी निकाराग्वातून देशोदेशी कुंभारांना तो शिकवला.

तयार झालेला प्रत्येक माठ तपासावा लागतो. बोटाच्या पेराने टिचकी मारायची. 'टण्ण' वाजला तर चांगला, 'भद्द' वाजला तर कुठेतरी चीर आहे. मग पाण्यात रात्रभर भिजवून, काठोकाठ भरून पहिल्या तासात किती लिटर झिरपतं ते मोजायचं. एक ते तीन लिटर ठीक. जास्त वेगाने झिरपला तर लोकांना वाटतं चांगला फिल्टर. खरंतर तो आतून फाटलेला असतो, तो तिथेच फोडून टाकायचा. मी स्वतः एका दिवसात अकरा माठ फोडलेत. कुंभारदादांचं तोंड उतरलं होतं, पण तो माठ कुणाच्या घरी जाऊन लेकराला जुलाब झाले असते.

आता मुद्द्याचं. या माठातली भोकं साधारण एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, थोडी लहान, थोडी मोठी. जिवाणू तेवढेच. फ्लोराइडचा आयन त्याच्या हजारो पट लहान! तो या भिंतीतून असा जातो, जसा वारा जाळीच्या खिडकीतून जातो. सर, तुमच्या बोअरच्या पाण्याला माठ लावणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

इचलकरंजीकर

+१ चिकणमातीताई. रंगाच्या बाबतीत मात्र चिपाडाचा अनुभव चांगला आहे. आमचा कपडा प्रोसेसिंगचा व्यवसाय. साखर कारखान्याच्या बॉयलरची चिपाडाची राख आम्ही सांडपाण्यावर वापरून पाहिली. लालभडक पाणी बादलीत दहा मिनिटांत फिकं गुलाबी झालं, डोळ्यांनी पाहिलंय. राख जवळजवळ फुकट.

पण वापरलेली राख आता लाल झाली, तिचं करायचं काय? दोन पावसाळे ती मागच्या अंगणात ढिगात पडून होती आणि पावसात रंग पुन्हा ओघळून नाल्यात. पंचगंगेत जायला नको म्हणून जे केलं, ते उशिराने पंचगंगेतच गेलं. याची मला आजही टोचणी आहे. आता ती जाळायला पाठवतो, त्याचा खर्च राखेपेक्षा कितीतरी जास्त. आणि रंग गेला तरी रंगाईतलं मीठ तसंच राहतं. राख मीठ धरत नाही. म्हणून 'स्वस्त' म्हणताना कुणीही फक्त पोत्याची किंमत धरू नये.

दुसरं एक सांगायचंय. २०१२ च्या उन्हाळ्यात आमच्या गावात काविळीची मोठी साथ आली होती, हिपॅटायटिस ई. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत कँडलचे फिल्टर होते, तरी माणसं आजारी पडली. तेव्हापासून मला प्रश्न आहे, फिल्टर असून असं कसं?

चिकणमाती

दादा, हिपॅटायटिस ई हा विषाणू आहे, सुमारे ३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). जिवाणूच्या तुलनेत म्हशीशेजारी कोंबडीचं पिल्लू. कँडलच्या भोकातून तो सहज निसटतो. मातीचा फिल्टर जिवाणू, जंतांची अंडी आणि गढूळपणा यांना उत्तम, विषाणूंना पुरेसा नाही. त्यासाठी क्लोरीन हवं किंवा पाणी उकळायला हवं. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, म्हणून आधी गाळून मग क्लोरीन, असा क्रम ठेवावा.

मालवणी_चिरा

जांभ्या दगडाबद्दल कुणीतरी लिहा. आमच्याकडे चिऱ्याच्या खाणीत ढिगाने चुरा पडलेला असतो. आर्सेनिकवर चालतो असं ऐकलंय.

अणुरेणू

बरोबर ऐकलंत. जांभा म्हणजे मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. पावसाने बाकीचं धुऊन नेलेलं आणि हे दोन मागे उरलेले. आर्सेनिकला लोहाची ओढ, फ्लोराइडला ॲल्युमिनियमची. खरगपूरच्या आयआयटीने जांभ्यावर आम्ल-अल्कलीची प्रक्रिया करून आर्सेनिकचे फिल्टर तयार केले, ते बंगालमधल्या गावांत वापरात आले. कच्चा चुरा मात्र फार कमी धरतो. खाणीतून उचलला आणि डब्यात भरला, असं नाही चालत.

जाताजाता हाडांच्या कोळशाबद्दल. जनावरांची हाडं कमी हवेत ४००-५०० अंशांवर भाजली की जो कोळसा होतो, तो फ्लोराइड फार चांगलं पकडतो. केनियात नाकुरूला त्यावर मोठं काम झालंय. कारण साधं आहे: हाडात आणि दातात जे खनिज आहे त्याच्याकडेच फ्लोराइड धाव घेतं. मुलांच्या दातांत जे घडतंय तेच डब्यात घडवून आणायचं. विज्ञान म्हणून पटतं, पण आपल्या गावांत हाडांतून आलेलं पाणी लोक पिणार नाहीत, आणि त्यांच्यावर ते लादायचा अधिकार आपल्याला नाही.

नलगोंडा पद्धतही आठवली पाहिजे. आमच्या नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९७० च्या दशकात तयार केली. तुरटी आणि चुना घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. घरच्या बादलीत होते. पण फ्लोराइड आणि अल्कलीपणा जास्त असला की तुरटीही जास्त लागते, पाण्यात सल्फेट वाढतं, थोडं ॲल्युमिनियम मागे राहू शकतं. रोज मोजून घालणारा नेमका माणूस असेल तिथेच ती टिकते.

दंतवैद्य

यवतमाळ जिल्ह्यात प्रॅक्टिस करते, झरी जामणी आणि केळापूरकडचे पेशंट नेहमी येतात. सर, पाणी बदललं तरी आलेले डाग जाणार नाहीत. इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) तयार होतानाच ते बसतात, साधारण आठ वर्षांच्या आत. म्हणून तुमच्या सातवीच्या मुलांइतकीच अंगणवाडीची मुलं आणि गरोदर बायका यांची काळजी करा. हाडांचं मात्र पुढे वर्षानुवर्षं साठत जातं, ते आज थांबवलं तर आजच्या मुलांनाही फायदा आहे.

आहारात दूध, नाचणी, तीळ, आवळा, म्हणजे कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व भरपूर असू द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात चिंच खाल्ल्याने लघवीवाटे फ्लोराइड जास्त बाहेर पडतं असं दिसलं होतं. तेव्हा पोत्यातली चिंच फिल्टरमध्ये न घालता मुलांच्या आमटीत घाला! आणि फ्लोराइडच्या गावात काळा चहा लहान मुलांना देऊ नये, चहाच्या पानातच फ्लोराइड असतं.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. पेशंट मला हे रोज विचारतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

दूरदेशी

मी सार्वजनिक आरोग्यात आहे, बांगलादेश आणि कंबोडिया दोन्हीकडे काम केलंय. इथे वाचताना सारखं बांगलादेश आठवतंय.

तिथे तळ्याचं पाणी पिऊन मुलं हगवणीने मरत होती, म्हणून १९७० च्या दशकात लाखो नळकूप खोदले. जंतूंचा प्रश्न पुष्कळ सुटला आणि पाण्यातून आर्सेनिक आलं. आगीतून फुफाट्यात. सीमेच्या अलीकडे पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी पहिले रुग्ण ओळखले, पण गावागावांत नळकूप तपासून धोक्याच्यांना लाल आणि चांगल्यांना हिरवा रंग द्यायला पुढची कित्येक वर्षं गेली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर वाढले. जीव वाचवायलाच वाढले. पण खोल खडकातलं पाणी वेगळं असतं, हे दोन्हीकडे उशिरा कळलं.

बांगलादेशात 'तीन कोलशी' म्हणून एक घरगुती रचना होती, एकावर एक तीन घागरी, वरच्यात लोखंडाचा कीस आणि वाळू, मधल्यात कोळसा आणि वाळू. त्यातूनच अबुल हुसाम यांनी सोनो फिल्टर विकसित केला, लोखंडाच्या खास थराचा. त्यांना २००७ मध्ये दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं, आणि त्यातले बहुतेक पैसे त्यांनी फिल्टर वाटायलाच लावले.

कंबोडियात माठाच्या फिल्टरचा पाठपुरावा झाला होता. वापरणाऱ्या घरांत जुलाब ४६ टक्के कमी दिसले. पण दर महिन्याला साधारण २ टक्के घरांतला वापर बंद पडत होता, मुख्यतः माठ फुटल्यामुळे. नवा माठ कुठे मिळतो हे माहीत असणाऱ्या घरांनी तो आणला, बाकीच्यांनी माठात रोपं लावली. एका बाईने मला स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं, अर्ध्या माठात गवती चहा लावलेला. 'सांगा ना, कुठे मिळतो,' म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर, एक विचारतो. गावात जुनी आडविहीर आहे का? बोअरच्या आधी लोक कुठलं पाणी प्यायचे?

पैनगंगाकाठ

आहे! शाळेपासून दीडशे पावलांवर, पाटलांच्या चिंचेखाली. दगडी बांधणीची, साधारण ३५ फूट. बोअर आल्यावर कुणी पाणी भरेना. कठडा एका बाजूने ढासळलाय, गुरं आसपास असतात. म्हातारी माणसं म्हणतात, ते पाणी पिणाऱ्यांचे दात असे नव्हते. मी याला आठवणींचा गोडवा समजत होतो.

दूरदेशी

त्या विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरून न्या. एक रासायनिक तपासणीला, दुसरी जंतूंच्या तपासणीला. दुसरी बाटली निर्जंतुक केलेली हवी, ती प्रयोगशाळेतूनच आणा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. उथळ विहिरीत पावसाचं ताजं पाणी असतं, ते खोल खडकाशी फार काळ रेंगाळलेलं नसतं. फ्लोराइड कमी असण्याची शक्यता बरीच आहे. पण शक्यताच, आकडा आल्याशिवाय एक पेलाही मुलांना देऊ नका. नायट्रेटही तपासून घ्या, गुरं आहेत म्हणालात.

चिकणमाती

विहिरीच्या पाण्याचा अहवाल येईपर्यंत मेंब्रेनचं लिहून टाकते, कारण सरांनी विचारलं होतं. औद्योगिक सिरॅमिक मेंब्रेन म्हणजे ॲल्युमिना किंवा झिर्कोनियाच्या नळ्या, आत मधमाशीच्या पोळ्यासारख्या वाटा. आम्ल, कॉस्टिक, गरम पाणी, काहीही सोसतात. म्हणून तुंबल्या तरी धुऊन पुन्हा वापरता येतात, वर्षानुवर्षं टिकतात. ॲल्युमिना भाजायला १,४०० अंशांच्या वर जावं लागतं, तिथे खर्च चढतो. म्हणून केओलिन, साधी माती, औष्णिक केंद्राची राख यांपासून हजार अंशांच्या आत भाजलेली मेंब्रेन करायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. मला त्यात मनापासून आशा वाटते. राखेबाबत एकच, तिच्यात स्वतःचे जड धातू असतात, ते पाण्यात उतरत नाहीत ना हे आधी तपासायलाच हवं.

इथल्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेने आर्सेनिकसाठी जी रचना केली ती मला सगळ्यात शहाणी वाटते. पाण्यात लोहाच्या हायड्रॉक्साइडचे अतिबारीक कण सोडायचे. आर्सेनिक त्यांना चिकटतं. मग ते कण सिरॅमिक मेंब्रेनने गाळून घ्यायचे. चिकटवायचं काम एकाने करायचं, गाळायचं दुसऱ्याने. पूड बारीक असली तर गाळता येत नाही ही जी अडचण अणुरेणू सरांनी सांगितली, ती इथे सुटते. पण त्याला पंप, दाब, वीज आणि रोज बघणारा माणूस लागतो. एका गावासाठी ठीक, एका शाळेसाठी नाही.

प्रश्नचिन्ह

एवढं सगळं करण्यापेक्षा आरओ का नाही बसवत? आमच्या सोसायटीत आहे.

अणुरेणू

आरओ फ्लोराइड काढतो, यात वाद नाही. पण दहा लिटर पाणी आत घातलं तर साध्या यंत्रातून तीन-चार लिटर पिण्याचं मिळतं, बाकीचं जास्त फ्लोराइड घेऊन गटारात, तिथून जमिनीत. वीज नसली की बंद. पडदा तुंबला की तालुक्याहून माणूस येईपर्यंत बंद. पंचायतीकडे देखभालीचा पैसा असेल तर जरूर करावा.

पैनगंगाकाठ

मंडळी, अहवाल आले. विहिरीचं फ्लोराइड ०.८. नायट्रेट मर्यादेत. जंतू मात्र भरपूर, पाणी पिण्यास अयोग्य असा शिक्का.

मी हा कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जवळपास धावतच गेलो. रविवारी ग्रामसभा घेतली. म्हाताऱ्या गोदाबाई उठून म्हणाल्या, 'आम्ही सांगत होतो, तुम्ही ऐकलं न्हाई.' खरं आहे, ऐकलं नाही.

अडचण एकच. विहीर मार्चच्या मध्यात तळ गाठते. शाळा एप्रिलअखेर चालते. त्या दिवसांत काय?

अणुरेणू

अहो सर, मग तर गणित पालटलं! २२० दिवसांऐवजी आता ३६ शाळेचे दिवस धरू. १८० लिटर रोज म्हणजे साधारण ६,५०० लिटर. लिटरमागे २.८ मिलिग्रॅम, एकूण १८ ग्रॅम फ्लोराइड. ग्रॅममागे १ मिलिग्रॅमची सावध क्षमता धरली तर १८ किलो सक्रिय ॲल्युमिना. एकाच प्लास्टिकच्या ड्रममध्ये मावतो. शाळा सुटताना दाणे भरलेले असतील, धुवायची भानगड नको, पुरवठादाराशी आधीच बोलून त्याला परत द्या. न घेतल्यास विहिरीपासून दूर सिमेंट काँक्रीटमध्ये घालून टाका, उकिरड्यावर नको.

ड्रमच्या तळाला बारीक तोटी ठेवा, पाणी दाण्यांतून सावकाश गेलं पाहिजे. दाण्यांमध्ये निदान पंधरा-वीस मिनिटं थांबलं पाहिजे. किती हंडे ओतले ते लिहायचं. ४,००० लिटर झाले की दर आठवड्याला पाणी तपासायचं. १ च्या वर गेलं त्या दिवशी ड्रम बंद, मग कितीही दिवस उरलेले असोत.

चिकणमाती

आणि आता माझ्या मातीचं खरं काम आलं! विहिरीत जंतू आहेत, फ्लोराइड मात्र मर्यादेत आहे. माठ शोधत बसू नका, तालुक्याच्या कोणत्याही भांड्यांच्या दुकानात स्टीलचा कँडल फिल्टर मिळतो. खिचडीचं पाणी उकळतंच, त्याला गाळायची गरज नाही. पिण्याचे १२० लिटर उरले. १० लिटरचं वरचं भांडं, ३ कँडल, असे ४ फिल्टर, दिवसातून तीनदा भरायचे. कँडल आठवड्याला मऊ ब्रशने स्वच्छ पाण्याखाली घासायच्या, साबण लावायचा नाही. खालचा रबरी वायसर घट्ट आहे ना ते दर वेळी बघा. बहुतेक फिल्टर कँडलमुळे नाही, त्या वायसरमधून गळल्यामुळे निकामी होतात.

गाळलेल्या पाण्यात क्लोरीन घालाच. गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकांकडून ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन दाखवणारी चाचणी) शिकून घ्या, पिवळा रंग दिसला की क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर आहे का ते पट्टीशी ताडून पाहता येतं.

सुगरण

सर, कँडलना नाव लिहिलेल्या चिंध्या बांधा, कुठली कधी घासली ते कळतं. आमच्या घरी चाळीस वर्षं असंच चाललंय. एक फिल्टर माझ्याकडून. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा.

इचलकरंजीकर

दुसरा माझ्याकडून.

पैनगंगाकाठ

सुगरणताई, इचलकरंजीकर दादा, गळा दाटून आला. फिल्टर जरूर पाठवा. कँडल मात्र आम्ही इथल्याच दुकानातून घेऊ, म्हणजे पुढच्या वर्षी फुटली तर कुठे मिळते हे मुलांना माहीत असेल.

कठडा बांधायला गावाने श्रमदान केलं, गुरांसाठी हौद लांब हलवला. पंचायतीने विहिरीचा गाळ काढून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून दिली. हातपंपाला मुलांनी लाल रंग दिला आणि पाटी लिहिली: 'हे पाणी धुण्यासाठी. पिऊ नये.' जुन्या फिल्टरमधले दाणे गोणीत बांधून ठेवलेत.

सातवीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या बाजूला एक तक्ता कायमचा आखलाय. तारीख, हंडे, ओटीचा रंग, कँडल कुणी घासल्या. तो तक्ता ती ओढणीवाली मुलगी भरते. एप्रिलपर्यंतचे रकाने रिकामे आहेत. पाऊस उघडला की विहिरीचा पुन्हा नमुना पाठवतोय, आकडा इथेच टाकतो.